कोल्हापूरची रेल्वे: रूळ दरबारचे, गाडी कंपनीची

मिरजेहून येणारी गाडी रुकडीजवळ पंचगंगेच्या पुलावर आली की डब्यात कुणीतरी म्हणतंच, "ही लाइन शाहू महाराजांची." शेजारचा सांगतो, "नाही हो, सदर्न मराठा कंपनीची." खरं तर एक जण रुळांबद्दल बोलतो, दुसरा गाडीबद्दल.

रूळ कोल्हापूर संस्थानचे. मिरज ते कोल्हापूर हा सुमारे ४७ किलोमीटरचा, तेव्हा मीटर गेजचा (दोन रुळांत एक मीटर अंतर) फाटा, 'कोल्हापूर स्टेट रेल्वे'. ३ मे १८८८ ला शाहू महाराजांच्या हस्ते कामाला सुरुवात झाली, १८९१ च्या एप्रिलमध्ये गाडी धावली. पण १८८८ ला महाराज जेमतेम १३ वर्षांचे होते आणि राज्याचा अधिकार त्यांच्या हाती आला १८९४ ला. त्यामुळं रेल्वे आणण्याचं सगळं श्रेय त्यांना देणं मला पटत नाही. त्यांचं मोठेपण पुढं दिसतं. स्टेशनालगत १८९५ ला शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, नंतर याच लाइनवर वडिलांच्या नावानं जयसिंगपूर उभं केलं. रेल्वेचं खरं चीज तिथं झालं.

सदर्न मराठा रेल्वे ही लंडनमध्ये १८८२ ला निघालेली कंपनी. १८७६-७८ च्या दुष्काळात कोरड्या मुलखात धान्य पोचवता आलं नाही, त्या धड्यातून ती उभी राहिली. बेळगाव-धारवाडकडच्या भागाला इंग्रज 'सदर्न मराठा कंट्री' म्हणत, म्हणून हे नाव. कचेरी धारवाडला, त्या इमारतीत आज कर्नाटक कॉलेज भरतं. पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा ही तिची मोठी वाट. कोल्हापूरचा फाटाही करारानं तीच चालवायची. मालक मात्र दरबारच.

कंपनी आणि संस्थान, दोन्हींचं आयुष्यही वेगळं. १९०८ ला कंपनी मद्रास रेल्वेत मिसळली आणि तिचं स्वतंत्र नाव २६ वर्षांतच संपलं. जुनी माणसं 'एम.एस.एम.' म्हणतात ती या जोडणीतून झालेली मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. संस्थान तर १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकलं.

म्हणून घरात रेल्वेचा जुना कागद सापडला तर आधी नाव बघा. नुसतं 'सदर्न मराठा' असेल तर तो १९०८ च्या आधीचा; नावाच्या सुरुवातीला 'मद्रास' जोडलेलं असेल तर नंतरचा. आणि 'कोल्हापूर स्टेट' दिसलं तर समजा, ते रुळांच्या मालकाचं नाव आहे.