पार्श्वभूमी : व्याख्यानमालेच्या नावामागचे रामभाऊ म्हाळगी

ठाण्यात जानेवारी आला की नौपाड्यात रामभाऊ म्हाळगी स्मृती व्याख्यानमाला भरते. श्रोते आवर्जून येतात, पण तरुणांपैकी अनेकांना म्हाळगी हे केवळ नावापुरते ठाऊक असतात. ते ठाण्याचे दोन वेळचे खासदार होते आणि खासदारकी कशी करावी याचा त्यांनी घालून दिलेला पाठ आजही कोणी फारसा गिरवत नाही, याची मला खंत वाटते.

रामचंद्र काशीनाथ म्हाळगी यांचा जन्म ९ जुलै १९२१ रोजी पुणे जिल्ह्यातल्या कडूस गावी झाला. संघाचे काम, कायद्याचे शिक्षण आणि वकिली असा प्रवास करत ते जनसंघात आले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मावळातून आमदार झाले. पुढे पुण्यातूनही विधानसभेवर निवडून गेले.

आणीबाणीत त्यांनी कारावास भोगला. मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाने त्यांना ठाण्यातून लोकसभेला उभे केले. पुण्याचा माणूस ठाण्याला कसा चालला? तेव्हा कल्याणचा वेगळा मतदारसंघ नव्हता. ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागात संघाच्या शाखांचे जाळे जुने होते, आणि आणीबाणीचा रागही ताजा होता. पण १९८० चा विजय मला अधिक मोलाचा वाटतो. इंदिरा गांधी परतल्या, महाराष्ट्रातल्या बहुतेक जागा काँग्रेसकडे गेल्या, तरीही ठाणेकरांनी म्हाळगींना पुन्हा दिल्लीला पाठवले.

याचे एक कारण त्यांच्या शिस्तीत आहे. वर्षभरात आपण काय केले याचा अहवाल ते मतदारांपुढे ठेवत. अशिलाला खटल्याची स्थिती सांगणे वकिलाला चुकत नाही, तसेच हे. कोणताही कायदा त्यांना असा हिशेब मागत नव्हता. त्यांच्या विचारसरणीशी ज्यांचे जमत नाही, त्यांनीही आपल्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे असा अहवाल जरूर मागावा.

६ मार्च १९८२ रोजी खासदार असतानाच ते गेले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने प्रबोधिनी स्थापन झाली. भाईंदरजवळ उत्तनला, केशवसृष्टीत तिचे मोठे प्रशिक्षण संकुल आहे. लोकप्रतिनिधींना आणि सामाजिक कार्यकर्त्यांना कामाचे रीतसर शिक्षण द्यावे, ही कल्पना तेव्हा नवी होती. गरज मात्र झपाट्याने वाढली. ठाणे महानगरपालिका १९८२ चीच, नवी मुंबईची १९९२ ची. त्यानंतर ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि पालिकांत महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या. सभागृहाचे कामकाज किंवा अर्थसंकल्प कधी न पाहिलेल्या असंख्य स्त्रिया एकाएकी सदस्य झाल्या. अशा नवख्या सदस्यांसाठीच प्रशिक्षणवर्ग हवे होते. प्रबोधिनीचा वैचारिक कल उघड आहे आणि ती तो लपवतही नाही, पण अर्थसंकल्प कसा वाचावा हे सगळ्याच पक्षांच्या नगरसेवकांना शिकावे लागते.