झाकण लावलं की लॅपटॉप कोणाचं ऐकतो? लॉगइनडी आणि एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर

इंदूरला गणपतीत बऱ्याच घरी हा प्रकार असतो, जुना लॅपटॉप, त्यात लिनक्स मिंट टाकलेलं, एक्सएफसीई डेस्कटॉपवालं (डेस्कटॉप म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या आणि मेनू सांभाळणारा भाग), स्पीकरला जोडायचा, आरत्या लावायच्या आणि झाकण लावून कोपऱ्यात सरकवायचा. झाकण लावलं की आरती गप्प. मग घरातला एक जण नेटवर बघून लॉगइनडी डॉट कॉन्फ फाइल बदलतो, दुसरा पॉवर मॅनेजरच्या सेटिंगमध्ये जातो, दोघांनीही बदललं तरी फरक नाही आणि मग लिनक्सच बेकार ठरतं. बेकार नाहीये हो, झाकणाचा कारभार दोघांकडे आहे आणि त्या वेळी खुर्चीवर कोण बसलंय हे कोणी बघत नाही.

लॉगइनडी हा सिस्टमडीचा, म्हणजे लिनक्सची मागची कामं सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा, भाग. डेस्कटॉप कुठलाही असो, हा मागे चालूच असतो, अगदी लॉगिन स्क्रीनवरसुद्धा. त्याचं सेटिंग हँडललिडस्विच, आणि मुळातलं उत्तर सस्पेंड, म्हणजे मशीन झोपवा. बाहेरचा मॉनिटर लावलेला असेल तर मात्र हँडललिडस्विचडॉक्ड चालतं आणि ते मुळात इग्नोर, म्हणजे झाकणाकडे दुर्लक्ष, असतं, म्हणून टीव्हीला जोडलेला लॅपटॉप झाकण लावूनही बऱ्याचदा चालू राहतो आणि लोकांना वाटतं आपलं सेटिंग लागलं!

एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर तुम्ही लॉगिन केल्यावर येतो आणि लॉगइनडीला सांगतो, झाकण मी बघतो, तू थांब. या सांगण्याला इनहिबिटर लॉक म्हणतात. लॉक आहे तोवर लॉगइनडी झाकणाकडे बघतच नाही, फाइलमध्ये काहीही लिहा. पण पॉवर मॅनेजरमध्ये लॉगइनडी-हँडल-लिड-स्विच नावाची एक चावी आहे, ती ट्रू असली की तो लॉक घेतच नाही, आणि मग उलटं होतं, पॉवर मॅनेजरच्या खिडकीतला पर्याय तुम्ही बदलत बसता आणि काम लॉगइनडी करतो. ही चावी सेटिंग्ज एडिटरमध्ये एक्सएफसीई४-पॉवर-मॅनेजर या चॅनलखाली दिसते.

तर काही बदलायच्या आधी टर्मिनलमध्ये सिस्टमडी-इनहिबिट ही कमांड लिस्टच्या पर्यायासकट चालवा. यादीत पॉवर मॅनेजरच्या ओळीत हँडल-लिड-स्विच आणि शेवटी ब्लॉक दिसलं तर कारभार डेस्कटॉपचा, कुठल्याच ओळीत नसेल तर लॉगइनडीचा. माझ्या मते अर्धी भांडणं इथंच मिटतात, पण हे करायच्या आधीच लोक फाइल उघडून बसतात.

कारभार डेस्कटॉपचा असेल तर पॉवर मॅनेजरच्या खिडकीत बॅटरीचा आणि चार्जरचा टॅब वेगळा आहे हे बघा, दोन्हीकडे बदलायचं. नाहीतर चार्जरवर सगळं छान चालतं आणि पावसात लाइट गेली, त्यानंतर कोणी झाकण उघडून परत लावलं, की आरती पुन्हा बंद. मशीन सस्पेंड व्हायला नको असेल तर डिस्प्ले बंद करणारा पर्याय घ्या, आवाज चालू राहतो.

लॉगइनडीचा असेल तर लॉगइनडी डॉट कॉन्फ फाइलमधल्या हँडललिडस्विचच्या ओळीच्या पुढचं हॅशचं चिन्ह काढायचं, नुसतं सस्पेंडच्या जागी इग्नोर लिहिलं आणि हॅश तसंच ठेवलं तर ती ओळ कोणी वाचतच नाही. मग सरळ मशीन रीस्टार्ट करा, चालू सेशनमध्ये नुसती लॉगइनडीची सर्व्हिस रीस्टार्ट करायच्या भानगडीत पडू नका.

बाकी डेस्कटॉपांचं थोडक्यात. केडीईचा पॉवर मॅनेजर, पॉवरडेव्हिल, पण असाच लॉक घेतो. ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये झाकणाचा पर्यायच नाही, तिथं बहुतेक वेळा लॉगइनडीच.

आणि एक, लॉगआउट केलं की पॉवर मॅनेजर गेला, लॉगिन स्क्रीनवर झाकण परत लॉगइनडीकडे. त्यामुळे लॉगआउट करून झाकण लावल्यावर पण मशीन चालू हवी असेल, तर पॉवर मॅनेजर आणि लॉगइनडी दोन्हीकडे बदलावं लागेल. फक्त मग ती तशीच बॅगेत टाकू नका, चालू मशीन आत चांगलीच तापते.