चाकाचा तुंबा व धारवा (पिकअप ट्रक)

चाक ज्याला नटांनी आवळलेले असते तो मधला धातूचा भाग म्हणजे तुंबा. त्याला स्थिर आसाभोवती किंवा नकलच्या (पुढचे चाक धरणारा, वळताना त्याच्यासह फिरणारा भाग) आत कमीत कमी घर्षणाने फिरू देतो तो धारवा. गॅरेजात ‘हब’ आणि ‘बेअरिंग’ हेच शब्द चालतात. ‘धारवा’ हा परिभाषेतला शब्द, तर ‘तुंबा’ बैलगाडीकडून आलेला व बराच जुना. बैलगाडीच्या तुंब्यात लोखंडी आवण (आतले कडे), आखाच्या टोकाला कुणी (चाक निसटू नये म्हणून घातलेली खीळ) आणि मध्ये एरंडेलाचे वंगण एवढीच व्यवस्था असे. पिकअपच्या पुढच्या चाकात काम तेच आहे. त्यात वळणाचा आडवा दाब, ब्रेकची उष्णता आणि चारचाकी चालन असल्यास इंजिनाचा जोर यांची भर पडते.

फिरत्या रुळांचा धारवा चाकात प्रथम केव्हा आला, याविषयी एकमत नाही. डेन्मार्कमधील डेयब्येर्ग येथे पीटच्या दलदलीत १८८१ ते १८८३ च्या सुमारास दोन गाड्यांचे अवशेष मिळाले. त्यांचा काळ साधारणपणे इ. स. पू. पहिले शतक मानतात. त्यांच्या तुंब्यांच्या आतल्या बाजूला आसाच्या दिशेने जाणाऱ्या खाचा आहेत. त्यांत लाकडी दांडके बसत व ते रुळांसारखे फिरत, असे काही अभ्यासकांनी मांडले आणि अनेक संदर्भग्रंथांनी ते उचलले. याउलट, खाचा वंगण धरून ठेवण्यासाठी असाव्यात किंवा दांडके जागच्या जागी झिजण्यासाठी घातलेले असावेत, असाही पक्ष आहे. रूळ मोकळा फिरायचा तर त्याला आतून व बाहेरून कठीण, गुळगुळीत धाव (ज्यावर रूळ फिरतो तो पृष्ठभाग) हवी. लाकडावर लाकूड घासताना ती फार काळ टिकणे अवघड. त्यामुळे दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. इटलीतील नेमी सरोवराचे पाणी १९२८ ते १९३२ या काळात उपसले तेव्हा रोमन नौकांवर काशाचे गोळे बसवलेला फिरता चौथरा सापडला. तो निःसंशय गोलक धारव्याचाच प्रकार, परंतु त्याचा चाकाशी संबंध नाही. नौका १९४४ साली जळाल्या.

लेखी पुरावा पक्का होतो तो १७९४ पासून. त्या वर्षी वेल्समधील कारमार्दन येथील फिलिप व्हॉन याने गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या धारव्याचे पेटंट घेतले. पॅरिसमधील ज्यूल सुरिरे याचे सायकलच्या चाकासाठीचे पेटंट १८६९ चे. पिकअपच्या दृष्टीने मात्र १८९८ हे साल सर्वांत महत्त्वाचे आहे. सेंट लुइसचा गाड्या बांधणारा हेन्री टिमकेन आणि रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांना त्या वर्षी शंक्वाकृती रुळांच्या धारव्याची पेटंटे मिळाली. या रचनेत प्रत्येक रुळाचे व दोन्ही कड्यांचे शंकू वाढवले, तर त्यांची टोके आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे रूळ न घसटता फिरतो आणि एकच धारवा वजनाचा उभा भार व वळणाचा आडवा भार दोन्ही पेलतो. साध्या गोळ्यांना हे इतक्या जागेत जमत नाही.

पिकअपच्या पुढच्या चाकात आज तीन रचना आढळतात. जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत तुंब्यात आतला मोठा व बाहेरचा लहान असे दोन शंक्वाकृती धारवे असतात. त्यांत ग्रीस भरून कस (किती आवळायचे ते) नटाने ठरवतात. दुसऱ्या रचनेत दुहेरी ओळीचा बंद धारवा नकलमध्ये दाबून बसवलेला असतो. तिसऱ्या रचनेत तुंबा व धारवा मिळून एकच न उघडणारा संच येतो, आणि तो नकलला बोल्टांनी जोडतात. अमेरिकेतील १९९९ नंतरची चारचाकी चालनाची शेवरले सिल्व्हराडो १५०० ही तिसऱ्या प्रकाराची चांगली ओळख. नकलच्या मागून तीन बोल्ट, पुढे १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर सहा स्टड आणि संचातच एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचा) संवेदक. बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात त्या प्रांतांत संवेदकाखाली गंज फुगून तो वर उचलला जाई आणि मंद वेगात एबीएस विनाकारण काम करू लागे. या कारणासाठी २००५ साली असे ट्रक दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आले होते.

धारवा जात आल्याची पहिली खूण म्हणजे वेगाबरोबर वाढणारी घरघर. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवा धारवा संशयित धरतात. दुहेरी ओळीच्या संचात हा नियम कधी कधी चकवतो, म्हणून चाक उचलून हाताने फिरवावे व दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा. खराब धारव्याची खरखर बोटांना स्पष्ट लागते. चाक वर-खाली धरून हलवताना प्ले (ढिलाई) मिळाला, तर तो बॉल जॉइंटचा (नकल ज्यावर फिरते त्या सांध्याचा) नाही ना हे आधी पाहावे. उघडलेल्या धारव्याच्या धावेवर पापुद्रे सुटलेले दिसतात. ग्रीस दुधी झाले असेल तर आत पाणी शिरलेले असते. तापलेला तुंबा ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी ओढून घेते.

एकसंध संच बदलताना आसाचा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करतात. मग गाडी उचलून घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) टेकवणे, कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, तारेने टांगणे (ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नये), डिस्क व संवेदकाची तार काढणे, मागचे बोल्ट सोडवणे हा क्रम. खरा वेळ पुढे जातो. गंजाने संच नकलमध्ये रुतून बसतो. झिरपणारे तेल मारून रात्रभर ठेवणे आणि नंतर नकलच्या मागून बोल्ट अर्धवट फिरवून त्यांच्या डोक्यांवर समान ठोके देणे ही पद्धत बेताने वापरल्यास सुरक्षित ठरते. बैठक तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ केल्याशिवाय नवा संच बसवू नये. गंजाची पातळ खपलीसुद्धा डिस्क वाकडी फिरवते. आसाचा नट पूर्ण आवळण्यापूर्वी गाडीचे वजन चाकावर येऊ देऊ नये, कारण आतली कडी एकमेकांशी दाबून धरणारा तोच असतो. सिल्व्हराडोत चाकाचे नट १९० न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने आवळतात.

दाबून बसवायच्या धारव्यात एक नियम कधीही मोडू नये: नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर, तुंबा घालताना आधार आतल्या कड्याला. उलट केल्यास दाब गोळ्यांतून जातो, धावेवर बारीक खळगे पडतात आणि नवा धारवा पहिल्याच दिवसापासून गुणगुणतो. चुंबकी पट्टी असलेली बाजू संवेदकाकडे हवी.

शंक्वाकृती जोडीत कौशल्य हातात असते. जुन्या शेवरले ट्रकांची रीत अशी: चाक फिरवत नट सुमारे १६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा, मग सैल करून हातानेच टेकवावा आणि खाच जुळेल तेवढाच मागे आणून नवी स्प्लिट पिन घालावी. शेवटी आसाच्या दिशेने ०.०२५ ते ०.१२७ मिमी एवढी ढिलाई राहावी. अधिक आवळल्यास तुंबा तापतो. बाहेरचे कडे बदलले नसेल तर नवा रूळसंच जुन्या धावेवर लवकर झिजतो, म्हणून कप (बाहेरचे कडे) व कोन (रुळांसह आतले कडे) जोडीनेच बदलतात.

महाराष्ट्रात चिंचवड येथे एसकेएफ या स्वीडिश कंपनीचा धारव्यांचा कारखाना आहे. ऊस वाहणाऱ्या टायरगाड्यांमुळे रुळांचे धारवे बैलांच्या गाडीपर्यंतही पोचले.