पोर्सेलॅनास्टर सेरुलियस : रूपभेद आणि आढळ

खोल समुद्राच्या तळावरील मऊ चिखलात स्वतःला गाडून घेऊन राहणारा लहानसा तारामासा. कंटकचर्मी संघातील पोर्सेलॅनास्टरिडी या कुलात त्याचा समावेश होतो. या कुलातले तारामासे जवळजवळ सगळेच अगाध सागरातले असल्यामुळे किनाऱ्यावर ते कधी दिसत नाहीत. ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ वायव्हिल थॉमसन यांनी १८७७ मध्ये या जातीचे पहिले वर्णन केले. त्यासाठी लागलेले नमुने ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२–७६ च्या सफरीत मिळाले होते. पोर्सेलॅनास्टर या प्रजातीचे (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे) नाव चिनी मातीच्या गुळगुळीतपणावरून पडले आहे आणि ‘सेरुलियस’ म्हणजे आकाशी निळा. मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यांत मात्र तो निळा रंग शोधूनही सापडत नाही. बरणीतला प्राणी मळकट पांढरा किंवा पिवळसर असतो.

पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या मध्यापासून भुजेच्या टोकापर्यंतचे अंतर बहुधा दोन-तीन सेंटिमीटर भरते. मधली चकती मोठी आणि फुगीर, तर पाच भुजा आखूड व टोकाला निमुळत्या. कडेने मात्र कठीण, गुळगुळीत तक्त्यांची भिंत असते. तिच्या वरच्या रांगेतल्या तक्त्यांवर एकेक ताठ काटा उभा असतो. भुजेच्या अगदी टोकाशी एक मोठी टोकतक्ती असते आणि तिच्यावरही काटे असतात. पाठ इतकी पातळ असते, की नीट धुतलेल्या नमुन्यात पोटातला चिखल बाहेरून कळतो. नालपादांना, म्हणजे भुजांखालच्या नळीसारख्या पायांना, चोषक नसतात, ते टोकदार असतात. गुळगुळीत खडकाला धरून राहायचेच नसेल तर चोषकांचा उपयोग तरी काय? या प्राण्याला गुदद्वारही नाही. तोंडाने चिखल आत घ्यायचा, त्यातले सेंद्रिय द्रव्य शोषायचे आणि उरलेला गाळ त्याच तोंडाने बाहेर टाकायचा, असा त्याचा दिनक्रम. चिरफाड केली की पोटात चिखलाचा घट्ट गोळाच हाती येतो. त्या गोळ्यात फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची सूक्ष्म कवचेही सापडतात.

ओळख पटवण्यासाठी दोन अवयव विशेष महत्त्वाचे. पहिला म्हणजे दोन भुजांच्या बेचक्यात, कडेच्या भिंतीवर असलेला चाळणीसारखा अवयव. उभ्या, जवळजवळ बसवलेल्या पातळ पापुद्र्यांचा तो बनलेला असतो. त्या पापुद्र्यांवरच्या पक्ष्माभिका (सूक्ष्म केसांसारखे तंतू) हलत राहतात आणि गाडलेल्या प्राण्याभोवती पाणी खेळते राहते. टेनोडिस्कस क्रिस्पाटस या तुलनेने उथळ पाण्यातल्या चिखली तारामाशालाही असेच अवयव असतात. जिवंत टेनोडिस्कसवरील प्रयोगांत त्या प्रवाहांचे काम श्वसनाशी आणि चिखल अंगाला चिकटू न देण्याशी जोडले गेले. खोल समुद्रातल्या भाईबंदांबाबत आपण जे बोलतो, ते बरेचसे या तुलनेवर उभे आहे. दुसरा अवयव म्हणजे पाठीच्या मध्यावर उभा राहणारा शंकूसारखा उंचवटा. प्राणी चिखलात असताना तो वर पृष्ठभागाकडे पोहोचत असावा, असे मानले जाते.

रूपभेदाचा सगळा घोळ मुख्यतः या शंकूमुळे झाला. लहान वयात तो अंगाच्या मानाने फार लांब असतो, इतका की पाठीवर देठ उगवल्यासारखे वाटते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एदमाँ पेरिए यांनी १८८२ मध्ये अटलांटिकच्या खोल पाण्यातला असा एक बालतारामासा पाहिला आणि त्याला कौलास्टर पेडंक्युलाटस, म्हणजे देठवाला, असे स्वतंत्र नाव दिले. इतकेच नव्हे, तर त्या देठाची तुलना त्यांनी समुद्रकमळांच्या, म्हणजे तारामाशांच्या देठवाल्या नातलगांच्या, देठाशी केली. तुलना अगदीच भलती नव्हती. समुद्रकमळाचा देठ तोंडाच्या विरुद्ध बाजूने निघतो आणि हा शंकूही तिथूनच निघतो. उत्क्रांतीचे दुवे शोधण्याचा तो काळ होता आणि तारामासा व समुद्रकमळ यांच्यामधला प्राणी हाती लागल्याचा आनंद कोणालाही झाला असता. प्रत्यक्षात तो वाढीच्या वयातला पोर्सेलॅनास्टरच निघाला. प्राणी मोठा होत जातो तसा शंकू अंगाच्या प्रमाणात लहान दिसू लागतो. शिवाय तो मऊ आणि आकुंचन पावणारा असतो. त्यामुळे जाळ्यातून वर येताना आखडला, की त्याच आकाराच्या दोन नमुन्यांतही त्याची लांबी वेगवेगळी भरते.

कडेच्या तक्त्यांची गोष्टही तशीच. तारामाशांमध्ये नवी तक्ती नेहमी भुजेच्या टोकाशी, टोकतक्तीच्या मागे तयार होते. म्हणून लहान प्राण्यात तक्त्या मोजक्याच असतात, भुजा आखूड असतात आणि टोकतक्ती फारच मोठी वाटते. वय वाढले की तक्त्या वाढतात, भुजा लांबतात आणि वरच्या काट्यांची संख्याही वाढते. नालपादांच्या खोबणीच्या कडेचे काटे, पाठीवरच्या बारीक कंटकांची दाटी, चकतीचा फुगवटा हे सारे तर आणखीच बदलते. फुगवटा पोट चिखलाने किती भरले आहे त्यावर अवलंबून असतो. पोट रिकामे असलेला नमुना मद्यार्कात खचून चपटा होतो. एकाच जागी, एकाच फेऱ्यात मिळालेल्या प्राण्यांत हे फरक दिसतात. पण १९ व्या शतकातल्या अभ्यासकांच्या हाती बहुतेक वेळा एकेका ठिकाणचे एक-दोनच प्राणी असत. चॅलेंजरचे तारामासे अभ्यासणाऱ्या पर्सी स्लेडन यांनीही या प्रजातीत अनेक जाती मांडल्या. त्यांच्या टेबलावर वेगवेगळ्या महासागरांतले, वेगवेगळ्या वयांचे थोडेसे प्राणी होते, तेव्हा दुसरे काय होणार!

या नावांची छाटणी डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ मॅडसेन यांनी केली. ‘गॅलाथिया’ जहाजाच्या १९५०–५२ च्या जगप्रदक्षिणेतील नमुने हाती घेऊन त्यांनी १९६१ मध्ये संपूर्ण कुलाचे पुनर्परीक्षण प्रसिद्ध केले. मोठ्या-लहान प्राण्यांची मालिका शेजारी शेजारी मांडली, की दोन टोकांच्या मधली पायरी दिसू लागते. स्लेडन यांची पोर्सेलॅनास्टर कौलिफर आणि पेरिए यांचा कौलास्टर ही नावे अशीच सेरुलियसमध्ये विरघळली. काही जाती मात्र याच्या उलट प्रजातीबाहेर गेल्या. चाळणी-अवयवाची संख्या हा तिथला भरवशाचा निकष आहे. पोर्सेलॅनास्टरला दर बेचक्यात तो एकच असतो, तर एरेमिकास्टर या जवळच्या प्रजातीत तीन. शंकू आणि काटे वयाप्रमाणे बदलतात, पण तीनाचा एक होत नाही.

नावे एकत्र आली तसा आढळाचा नकाशाही पसरला. प्रत्येक महासागराची वेगळी जाती म्हणून जे मांडले होते, ते एकाच जातीचे ठिपके झाले. आज ही जाती अटलांटिक, हिंदी आणि पॅसिफिक या तिन्ही महासागरांतून नोंदलेली आहे. खोली साधारण १,००० ते ६,००० मीटर. इतक्या खोलीवर पाण्याचे तापमान १ ते ४ अंश सेल्सियसच्या आसपास राहते आणि ४,००० मीटरवर दाब सुमारे ४०० वातावरणांइतका होतो. ईशान्य अटलांटिकमधील रॉकॉल द्रोणी हे तिच्या अभ्यासाचे एक परिचित ठिकाण आहे.

कुठे आढळत नाही हेही बोलके आहे. भूमध्य समुद्राचे खोल पाणी सुमारे १३ अंश इतके उबदार असते आणि जिब्राल्टरचा उंबरठा जेमतेम ३०० मीटर खोल आहे. हजार मीटरखाली राहणाऱ्या प्राण्याला तिथून आत शिरणे कठीण. उत्तरेला ग्रीनलंड, आइसलँड आणि स्कॉटलंड यांना जोडणारी पाण्याखालची कटक अशीच आडवी येते. तिच्या पलीकडे नॉर्वेजियन समुद्राचे तळपाणी शून्य अंशाच्याही खाली असते. महासागरांच्या मोकळ्या मैदानांत असा अडसर नसल्यामुळे हजारो किलोमीटरचा पल्ला समजण्यासारखा आहे. मात्र तो कसा गाठला जातो हा प्रश्न उरतो. मोठ्या, बलकाने भरलेल्या अंड्यांतून वाढणारे डिंभक (अळीसारखी पिल्ले) पृष्ठभागावर येऊन चरत नाहीत, ते तळाजवळच वाहत जात असणार.

नकाशा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ठिपक्यांची दाटी प्राण्यांपेक्षा जहाजांचे मार्ग जास्त दाखवते. तळ ओरबाडणारे जाळे वर आणायला कित्येक तास लागतात आणि जिथे कोणी जाळे टाकलेच नाही तिथे प्राणी नाही असे म्हणता येत नाही. दुसरे असे, की मॅडसेन यांनी जुळवलेली एकी बाह्यरूपावर आधारलेली आहे. यूरिथिनीस ग्रिलस हा खोल समुद्रातला कवचधारीही बराच काळ जगभर पसरलेली एकच जाती समजला जात होता, पण जनुकीय तपासणीत त्याच्या आड अनेक जाती सापडल्या. पोर्सेलॅनास्टरची विभागणी शंकूच्या लांबीवरून करण्याचा काळ गेला. पण अटलांटिक आणि पॅसिफिकमधले प्राणी खरोखर एकच आहेत का, हे बरणीतल्या जुन्या नमुन्यांवरून ठरणार नाही. त्यासाठी ताजा ऊतकच हवा, आणि तो पुन्हा त्याच चिखलातून उपसावा लागेल.