पवनचक्क्या फिरत राहिल्या, पण संपर्क तुटला

24 फेब्रुवारी 2022ची पहाट. रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरण्याच्या तासभर आधी 'केए-सॅट' उपग्रहाच्या इंटरनेट सेवेवर सायबर हल्ला झाला. रोख युक्रेनवर होता, पण फटका मध्य युरोपालाही बसला. जर्मनीच्या एनरकॉन कंपनीनं उभारलेल्या 5,800 पवनचक्क्यांशी असलेला दूरसंपर्क तुटला. त्यांची एकूण क्षमता 11,000 मेगावॅट, म्हणजे आपल्या कोयनेच्या पाचपटीहून जास्त.

पवनचक्क्यांना कुणी हातही लावला नव्हता. हल्लेखोर एका व्हीपीएन यंत्रणेतल्या (म्हणजे दुरून सुरक्षितपणे आत शिरण्याच्या वाटेतल्या) चुकीच्या सेटिंगचा फायदा घेऊन उपग्रह सेवेच्या व्यवस्थापन जाळ्यात शिरले आणि तिथून त्यांनी ग्राहकांच्या हजारो मोडेमना आज्ञा सोडल्या. मोडेमच्या फ्लॅश मेमरीतला, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या साठवणीतला मजकूर पुसला गेला. अशा मोडेमला पुन्हा चालू होणंच जमत नाही आणि दुरून दुरुस्तही करता येत नाही, कारण दुरुस्तीची आज्ञा जाणार तीच वाट बंद झालेली असते. मग तंत्रज्ञांना एकेका पवनचक्कीपाशी जाऊन मोडेम बदलावे लागले. 95 टक्क्यांहून अधिक चक्क्या परत जोडल्या जायला एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडला.

वीज मात्र थांबली नाही. प्रत्येक चक्कीत स्वतःचा नियंत्रक असतो. वारा कुठून येतोय ते पाहून तो तोंड वळवतो, पात्यांचा कोन बदलतो, वादळ आलं तर चक्की थांबवतो. त्यासाठी त्याला इंटरनेट लागत नाही. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. संपर्क तुटला तरी यंत्र सुरक्षितपणे चालेल किंवा सुरक्षितपणे थांबेल, अशी रचना मुळातच हवी. पण दुरून चक्की पुन्हा सुरू करणं आणि बिघाडाचा इशारा वेळेत मिळणं या सोयी गेल्या.

पुढच्या हल्लेखोरांनी वळसा घेतला नाही. 29 डिसेंबर 2025ला पोलंडमध्ये तिसाहून अधिक पवन आणि सौर प्रकल्पांवर थेट हल्ला झाला. तिथंही निर्मिती चालू राहिली, पण वितरण कंपनीशी संपर्क तुटला. शिरकाव झाला तो दुहेरी पडताळणी नसलेल्या फायरवॉलमधून, म्हणजे जाळ्याच्या दारावरच्या राखणदार उपकरणातून, आणि आतल्या काही उपकरणांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच होते.

हे वाचून मला खरंच काळजी वाटते, कारण छोट्या सौर प्रकल्पावर बहुतेक वेळा कुणी बसलेलं नसतं. देखभाल कंत्राटदाराकडे आणि लॉगिनही त्याच्याकडेच. म्हणून देखभालीचा करार करतानाच मालकानं लिहून घ्यावं, की पासवर्ड कोण बदलणार, काम सोडून गेलेल्या माणसाचं खातं कधी बंद होणार, आणि नियंत्रकाच्या सॉफ्टवेअरची इंटरनेटला न जोडलेली प्रत कुठे ठेवलेली असेल.