एकाच केंद्रकाचा बीजाणू

कॅल्मोड्युलिन हे प्रथिन कॅल्शियमला धरतं आणि मग इतर एन्झाइमांना जागं करतं, ही गोष्ट १९७०च्या दशकातच कळली होती. पेशीविभाजनाची कळही याच जोडीच्या हातात असावी, असा तेव्हापासूनचा कयास. १९९१ मध्ये यीस्टने त्याला सुरुंग लावला. कॅल्शियम धरूच न शकणारं कॅल्मोड्युलिन दिलं तरी यीस्ट मजेत वाढत राहिलं! प्रथिन हवं, पण कॅल्शियम नको?

उत्तर मिळालं ते यीस्टच्याच भाऊबंदांत, 'ॲस्परजिलस निड्युलन्स' या बुरशीत. ग्लासगोत आनुवंशिकीतज्ज्ञ पोंतेकोर्व्हो यांनी तिला आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत आणलं. १९७५च्या सुमारास रॉन मॉरिस यांनी तिचे विभाजनाच्या उंबरठ्यावर अडकणारे उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले वाण, वेचून काढले. त्यांतूनच पुढे 'निमा' हे कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम, हाती आलं. १९९३ मध्ये ॲन्थनी मीन्स यांच्या गटाने दाखवलं, की निमा पूर्ण कार्यरत व्हायला कॅल्शियम आणि कॅल्मोड्युलिन दोन्ही लागतात.

पण मधला दुवा कोणता? कॅल्मोड्युलिनवर चालणाऱ्या कायनेजचं जनुक मोडून पाहायचं, तर बुरशी मरणार. मग बघायचं काय? इथे बुरशीची घडणच कामी आली. तिच्या एकाच तंतूत दोन तऱ्हांची केंद्रकं सुखाने नांदतात, धडकं केंद्रक मोडक्याला सांभाळून घेतं. बीजाणूत मात्र एकच केंद्रक उतरतं. म्हणजे काही बीजाणूंच्या वाट्याला नुसतं मोडकं जनुक. मला तरी या सगळ्या कथेतली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

१९९६ मध्ये डेटन आणि मीन्स यांनी असे बीजाणू पाहिले. त्यांना अंकुरनलिका फुटली नाही, केंद्रक एकाचं एकच राहिलं. हे कायनेज ९० टक्क्यांनी घटवलं, तर वाढ आणि विभाजन दोन्ही रेंगाळली. कॅल्सिन्युरिन हे फॉस्फेट काढून घेणारं एन्झाइमही या बुरशीला अत्यावश्यक असल्याचं त्याआधी, १९९४ मध्ये दिसलं होतं. २००० मध्ये कॅल्मोड्युलिनवर चालणारी आणखी दोन कायनेजं सापडली.

राहिला यीस्टचा आक्षेप. २००२ मध्ये तोच प्रयोग या बुरशीवर झाला: कॅल्शियम न धरणारं कॅल्मोड्युलिन दिलं. तिचं मात्र त्यावर भागलं नाही.