खून करू नको (बायबलमधील आज्ञा)

खून करू नको : बायबलमधील दहा आज्ञांपैकी एक. ती निर्गम २०:१३ आणि अनुवाद ५:१७ अशा दोन ठिकाणी येते. मूळ हिब्रूत ती अवघ्या दोन शब्दांची आहे. कारण दिलेले नाही, अपवाद नाही, शिक्षाही सांगितलेली नाही. ज्यू, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट परंपरांत ती सहावी, तर कॅथलिक आणि लूथरन परंपरांत पाचवी मोजली जाते. त्यामुळे वसईच्या कॅथलिक घरातली ‘पाचवी आज्ञा’ आणि अहिल्यानगरच्या प्रॉटेस्टंट घरातली ‘सहावी आज्ञा’ हे वचन एकच. रागाने उच्चारलेला शब्दही याच आज्ञेखाली येतो, ही शिकवण येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने प्रसिद्ध केली. तिची मुळे मात्र त्याहून जुनी आहेत आणि ज्यू परंपरेने ती स्वतंत्रपणे फार दूरवर नेली.

आज्ञेची व्याप्ती आधी स्पष्ट केलेली बरी, कारण मराठी वाचकाच्या मनात येथे ‘अहिंसा’ उभी राहते. मूळ क्रियापद माणसाने माणसाचा जीव घेण्यापुरते आहे. त्यात हेतुपुरस्सर केलेला खून येतो आणि चुकून घडलेली हत्याही येते. पशुबळी, युद्ध किंवा न्यायालयाने दिलेला देहदंड यांना ही आज्ञा लागू होत नाही. तिच्यानंतरच्याच अध्यायात (निर्गम २१) खुन्याला ठार करण्याचा नियम दिला आहे. जैन किंवा वारकरी अर्थाची जीवदया येथे शोधणे व्यर्थ आहे. या आज्ञेचा पाया वेगळा आहे: माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, म्हणून त्याचे रक्त सांडणाऱ्याचे रक्त सांडले जाईल (उत्पत्ती ९:६). दोन पाट्यांवर पाच-पाच आज्ञा समोरासमोर आहेत असे मानून जुन्या ज्यू भाष्यकारांनी ‘मी परमेश्वर तुझा देव आहे’ या पहिल्या आज्ञेसमोर ‘खून करू नको’ ठेवली. रक्त सांडणारा राजाची प्रतिमा फोडतो, असे त्यांचे म्हणणे.

बायबलमधला पहिला खून सिनाय पर्वतावरील आज्ञांच्या कितीतरी आधी, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात घडतो. आदामाचा थोरला मुलगा काइन, धाकटा हाबेल. काइनचे अर्पण देवाला पसंत पडत नाही, तो संतापतो, त्याचा चेहरा उतरतो. देव त्याला त्याच क्षणी सावध करतो: पाप दाराशी टपून बसले आहे. म्हणजे कथेत इशारा रागाला आहे, हत्या अजून व्हायची आहे. पुढच्या ओळीत ‘काइन हाबेलाला म्हणाला’ असे येते आणि पारंपरिक हिब्रू संहितेत त्यापुढे काहीच नाही. काय म्हणाला ते गळलेले आहे. थेट शेतातला खूनच येतो. ग्रीक अनुवादाने आणि शोमरोनी (समॅरिटन) समाजाच्या पाठाने तेथे ‘चल, शेतात जाऊ’ असे शब्द भरले. रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मपंडितांना, एवढ्याने समाधान झाले नाही. त्यांनी त्या रिकाम्या जागेत सबंध भांडण रचले. एका मतानुसार भावांनी जग वाटून घेतले, एकाने जमीन घेतली, दुसऱ्याने जंगम मालमत्ता. मग एक म्हणतो, ‘तू माझ्या जमिनीवर उभा आहेस’, दुसरा म्हणतो, ‘अंगावरचे कपडे माझे आहेत, काढ’. वाटणीचे भांडण पाहिलेल्या कोणालाही या कल्पनेतला खरेपणा सांगावा लागणार नाही.

कायदा आणि शरणपुरे

मोशेच्या नियमशास्त्राने या दोन शब्दांभोवती बराच तपशील उभा केला. गणना ३५ प्रमाणे एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कोणालाही देहदंड देता येत नाही, आणि खुन्याकडून खंडणी घेऊन त्याला सोडता येत नाही. हा दुसरा नियम विशेष आहे. श्रीमंताला पैशाने जीव विकत घेता येऊ नये, असा त्याचा परिणाम. नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास घरावर रक्तदोष येईल, असे अनुवाद २२:८ सांगते. निष्काळजीपणाही हत्येच्याच हिशेबात धरला गेला.

लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून सोबत्याचा जीव गेला तर काय? अशा माणसाला मृताच्या नातलगांच्या सूडापासून वाचवण्यासाठी सहा शरणपुरे ठरवली होती: यार्देन नदीच्या पश्चिमेला केदेश, शखेम आणि हेब्रोन; पूर्वेला बेसेर, रामोथ आणि गोलान. तेथे पोचलेल्याला विद्यमान मुख्य याजक मरेपर्यंत नगराबाहेर पडता येत नसे. तो मेला की घरी परतायची मोकळीक. मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहाने येथे एक अतिशय मानवी तपशील जपला आहे. मुख्य याजकांच्या माता या आश्रितांना अन्नवस्त्र पुरवीत, आपल्या मुलाच्या मरणासाठी त्यांनी प्रार्थना करू नये म्हणून. (नाशिकच्या ‘शरणपूर’ या १९व्या शतकातील ख्रिस्ती वसाहतीतही गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा मिळाला होता.)

देहदंड कागदावर राहिला, पण रब्बींना तो पेलवेना. सात वर्षांत एकाला देहदंड देणारी न्यायसभा ‘घातकी’ म्हणावी, असे मिश्ना म्हणते; एलाजार बेन अजर्या ही मुदत सत्तर वर्षांवर नेतो; टार्फोन आणि अकिवा म्हणतात, आम्ही त्या सभेत असतो तर कोणालाच कधी देहदंड झाला नसता. त्यावर शिमोन बेन गमलिएलचे उत्तर आहे: मग तुम्ही इस्राएलात खुनी वाढवले असते. वाद तेथेच, निकालाविना, नोंदवून ठेवला आहे.

रक्त आणि जीभ

शब्द आणि रक्त यांची सांगड प्रथम लेवीय १९:१६ मध्ये दिसते. चहाड्या करीत फिरू नको आणि शेजाऱ्याच्या रक्ताविषयी उदासीन राहू नको, हे दोन्ही एकाच वचनात आहे. लगेच पुढे भावाचा मनात द्वेष करू नको, हवे तर त्याला तोंडावर बोल, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, असे येते. मनात ठेवलेला राग बोलून दाखवावा, पण चहाडी करू नये, हा फरक पुढच्या सगळ्या चर्चेला पुरला. नीतिसूत्रे १८:२१ तर जीवन आणि मरण जिभेच्या हाती सोपवते.

तालमूद (मिश्ना आणि तिच्यावरील रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ) यातील ‘बावा मेट्झिया’ या प्रकरणात विषय खरा व्यापारी फसवणुकीचा आहे. तेथे शब्दांनी केलेली फसवणूक पैशाच्या फसवणुकीपेक्षा वाईट ठरते. विकत घ्यायचे नसताना किंमत विचारणे, पश्चात्ताप केलेल्याला जुने दिवस आठवून देणे, हीही तिची उदाहरणे. मग एक जण म्हणतो: जो चारचौघांत दुसऱ्याचा चेहरा पांढरा करतो, तो जणू रक्त सांडतो. रब्बी नहमान बार इझ्हाक दाद देतो, बरोबर बोललास. तांबूसपणा जातो आणि पांढरेपणा येतो हे आम्ही पाहिले आहे. ‘जणू’ हा शब्द सोडता कामा नये. रब्बींनी अपमान करणाऱ्याला कधी खुनी म्हणून न्यायसभेपुढे उभे केले नाही. तरीही त्यांनी हे नुसते अलंकारिक बोलणे ठेवले नाही: दुसऱ्याला जाहीरपणे लाजवण्यापेक्षा पेटत्या भट्टीत उडी घेतलेली बरी, असे त्याच प्रकरणात पुढे येते आणि दाखला दिला जातो उत्पत्तीतील तामारेचा, सासरा यहूदा याच्याकडून दिवस गेलेली, जिने जाळायला नेले जात असतानाही यहूदाचे नाव घेतले नाही. निंदा तिघांचा जीव घेते, बोलणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा आणि जिच्याविषयी बोलले त्या व्यक्तीचा, हे तालमूदचे वचनही ज्यू घरांत परिचित आहे.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर जाळले. तालमूद त्याचे कारण एका मेजवानीत शोधतो. आमंत्रण काम्झाला द्यायचे होते, नोकराने चुकून वैरी बार काम्झाला आणले. यजमानाने त्याला उठवले. त्याने जेवणाचे, मग अर्ध्या मेजवानीचे, शेवटी सगळ्या मेजवानीचे पैसे देऊ केले, तरीही हात धरून बाहेर काढले. पंगतीतले रब्बी गप्प बसले. त्या माणसाने सूडापोटी रोमन सत्तेकडे चहाडी केली. इतिहास म्हणून ही गोष्ट धरायची नाही; पण एका जळालेल्या शहराचा दोष परंपरेने परकीय सैन्यावर न टाकता घरच्या अपमानावर आणि पाहणाऱ्यांच्या मौनावर टाकला, हे विलक्षण आहे.

मत्तय ५:२१–२६

डोंगरावरील प्रवचनात येशू ही आज्ञा उद्धृत करून म्हणतो की भावावर रागावणारा न्यायसभेच्या, त्याला ‘राका’ म्हणणारा वरिष्ठ सभेच्या आणि ‘मूर्ख’ म्हणणारा नरकाग्नीच्या शिक्षेला पात्र होईल. ‘राका’ ही अरामी शिवी, साधारण ‘रिकामटेकड्या, बिनडोक’ अशा वजनाची. नरकासाठीचा शब्द ‘गेहेन्ना’ हे यरुशलेमच्या दक्षिणेकडील हिन्नोम दरीचे नाव. तेथे एके काळी मुलांचे होमबळी दिल्याचा कलंक होता.

रागाचा खटला चालवणारे न्यायालय कोणते? भाष्यकार या चढत्या शिक्षांची जुळणी करत बसतात. खरे तर हे वाक्य कायद्याची भाषा मुद्दाम कोलमडेपर्यंत ताणते, असे वाचणे अधिक पटते: बाजारात रोज ऐकू येणाऱ्या शिवीसाठी सर्वोच्च सभा भरवायची. मात्र अशी न्यायालये त्या काळी अगदीच अकल्पित नव्हती. मृत समुद्राकाठी कुमरान येथे १९४७ मध्ये सापडलेल्या, एका ज्यू पंथाच्या नियमांच्या गुंडाळीत सोबत्याचा जाणूनबुजून अपमान केल्यास एक वर्ष आणि मूर्खपणाचा शब्द बोलल्यास तीन महिने शिक्षा आहे. येशूने शिक्षेचे कोष्टक दिले नाही. तो वळतो समेटाकडे. वेदीपाशी अर्पण घेऊन उभा असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. श्रोते गालीलचे होते आणि वेदी यरुशलेमला, कित्येक दिवसांच्या पायपिटीवर. राग ‘तुझ्या’ मनातला नाही, ‘त्याच्या’ मनातला, हेही सहसा निसटते.

‘रागावेल’ याआधी काही हस्तलिखितांत ‘विनाकारण’ असा शब्द आहे. चौथ्या शतकातील व्हॅटिकन हस्तलिखितात तो नाही. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याने तो काढून टाकावा असे म्हटले. सकारण रागाला वाट ठेवली की प्रत्येकाचा राग सकारणच असतो. याउलट मत्तय २३:१७ मध्ये येशू स्वतः परूश्यांना (एका प्रभावी ज्यू धर्मपंथाच्या लोकांना) ‘मूर्खांनो’ म्हणतो, तेही त्याच ग्रीक शब्दाने. ही विसंगती कोणीही पूर्ण मिटवलेली नाही. सत्ताधाऱ्याला सुनावणे आणि भावाला तुच्छ लेखणे यांत अंतर आहे, हे त्यातले बरे उत्तर.

चर्चची शिकवण

पहिल्या शतकाच्या आसपासची ‘डिडाखे’ ही पुस्तिका राग खुनाकडे नेतो एवढे सांगून थांबते. योहानाचे पहिले पत्र (३:१५) भावाचा द्वेष करणाऱ्याला सरळ मनुष्यघातकी म्हणते. चर्चचा प्राचीन आचार्य ऑगस्टीन याने आत्महत्या याच आज्ञेत बसवली. टॉमस अक्वायनस (१३वे शतक) याने तोंडावरची निंदा, पाठीमागची निंदा आणि मैत्री तोडणारी कुजबुज असे वेगवेगळे दोष मांडले. त्याचे विश्लेषण आजही कामाला येते. १५६३ चा हायडेलबर्ग प्रश्नोत्तरग्रंथ विचार, शब्द, हावभाव आणि कृती अशा चारही मार्गांनी शेजाऱ्याला दुखवणे या आज्ञेखाली आणतो. हावभावही! देहदंडाबाबत कॅथलिक चर्चने बराच काळ राज्यसत्तेला मुभा दिली होती. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या काळात धर्मशिक्षणग्रंथात बदल करून तो अस्वीकार्य ठरवण्यात आला.

या शिकवणीचा दुरुपयोगही झाला आहे. मार खाणाऱ्या बायकोला, नाडलेल्या मजुराला ‘राग म्हणजे खून’ असे सांगून गप्प बसवणे सोपे असते. लेवीय १९ तोंडावर बोलायला सांगते आणि इफिसकरांस पत्र ४:२६ रागाची शक्यता गृहीत धरून त्यावर सूर्य मावळू नये एवढेच म्हणते. हे दोन दाखले अशा वेळी विसरले जातात.

मराठी मुलखात

मत्तयाचे शुभवर्तमान सेरामपूरहून १८०५ मध्ये मराठीत छापले गेले. पंडिता रमाबाईंचे संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून निघाले. मराठीभाषक ज्यू समाज मात्र मिशनऱ्यांच्या आधीपासून कोकणात होता: अलिबाग, पेण, रेवदंडा परिसरातील बेने इस्राएल, ज्यांना शेजारी शनिवार तेली म्हणत. योम किप्पूर या ज्यू प्रायश्चित्तदिनाला ते ‘दारफळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी दारे लावून उपवास करीत आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, एकमेकांकडे जाऊन दानधर्म करीत. मिश्नाचा नियम असा की माणसाने माणसाविरुद्ध केलेला अपराध योम किप्पूरनेही फिटत नाही, जोवर दुखावलेल्याची समजूत काढलेली नाही. कॅथलिक मिस्सेत (उपासनेत) कम्युनियनआधी, म्हणजे पवित्र भाकर घेण्याआधी, शेजारच्याला शांतीची खूण देण्याची रीत आहे; वसई आणि गोव्याच्या चर्चमध्ये ती बहुधा हात जोडून पाळली जाते. ज्याच्याशी बांधावरून कोर्टात दावा चालू आहे तोच शेजारच्या बाकावर बसलेला असण्याची शक्यता गावात बरीच असते.